कॉम्प्युटरला लावलेला कूलर

माझ्या वडिलांनी एका कॉम्प्युटरचा सत्यानाश केला, असं आमच्या नात्यात अजूनही सांगतात. सांगणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ते माझ्याच तोंडून ऐकलं आहे. ते खोटं आहे.

बाबा नागपुरात कूलरच्या बॉड्या बनवायचे. फेब्रुवारीत अंगणात पत्रा ठोकण्याचा आवाज सुरू व्हायचा, तो पाऊस लागेपर्यंत. मी कॉलेज करून, वर कॉम्प्युटरचा कोर्स करून एका कंत्राटदाराकडे टायपिंगला लागलो होतो. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. त्याच्या ऑफिसची डागडुजी निघाली म्हणून तिथलं कॉम्प्युटरचं मशीन दोन महिने माझ्या घरी होतं. जूनपासून तो मला कायम करणार होता.

मे महिन्यात दुपारी मशीन बंद पडायला लागलं. डब्याला हात लावला की चटका बसायचा. मी ठरवलं, डब्याच्या बाजूला भोक पाडायचं आणि कूलरची हवा पत्र्याच्या नळीतून थेट आत सोडायची. पत्रा कापणं मला येत नव्हतं.

बाबांनी डबा उलटसुलट करून पाहिला. म्हणाले, “कूलरची हवा ओली राह्यते गा. लोखंडाले खाते ते. त्यापेक्षा मागून भोक पाडू अन् लहानसा पंखा लावून आतली गरम हवा बाहेर फेकू.”

“बाबा, तुम्ही सातवी नापास. हे कूलरचं खोकं नाही. मी सांगतो तेवढा पत्रा कापा.”

आई तिथेच तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. बाबांनी कात्री उचलली.

आतलं सगळं सामान त्यांनी मला आधी काढायला लावलं, पत्र्याचा कीस त्यावर पडू नये म्हणून. मग स्टीलची ताटली उपडी ठेवून खिळ्याने गोल आखला आणि कापला. कडा आत मुडपून कानस फिरवली. स्वतःचं बोट फिरवून पाहिलं, मग माझं धरून फिरवलं. नळीला त्यांनी मी न सांगता मध्ये एक बाक दिला. हवेबरोबर आलेलं पाणी तिथेच अडून खाली गळावं म्हणून.

बाकामुळे हवा कमी येत होती. दुसऱ्या दिवशी बाबा पत्रा आणायला गेले तेव्हा मी तो वाकडा तुकडा काढला आणि नळी सरळ जोडली.

तिसऱ्या दिवशी पडदा काळा झाला. जळका वास आला. झाकण काढलं तर आतल्या हिरव्या पाटीवर पाण्याचे थेंब होते.

माझा मालक, तो कंत्राटदार, घरी आला. भोक पाहून त्याने विचारलं, हे कोणी केलं? मी म्हणालो, बाबांनी. मी नको म्हणत होतो. मग बाबांना हाक मारली आणि म्हणालो, “साहेबांची माफी मागा.”

बाबांनी सरळ नळीकडे पाहिलं. पत्रा त्यांच्या हातचा होता, एका नजरेत त्यांना कळलं. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. हात जोडून म्हणाले, “चुकलं साहेब. मले समजलं नाही.”

कूलरवाल्याच्या हाती कॉम्प्युटर दिला की असंच होणार, असं म्हणून मालक हसला. मीही हसलो. जूनमध्ये मी कायम झालो.

गोष्ट मीच पसरवली. वस्तीतली माणसं बाबांना म्हणायची, काका, आमच्या कूलरले पण एक कॉम्प्युटर लावून द्या न. पुढच्या फेब्रुवारीत अंगणात आवाज झाला नाही. हात दुखतो, असं ते आईला सांगायचे.

दोन वर्षांनी ते गेले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी जेवणं चालली होती. कोणीतरी म्हणालं, ते कॉम्प्युटरचं सांग ना. मी सांगितलं. हात कसे जोडले तेही करून दाखवलं, मले समजलं नाही, त्यांच्याच आवाजात. पंगत हसली.

आई वरण वाढत माझ्यापाशी आली होती. ती खाली वाकली आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, “तो वाकडा तुकडा कुठं ठेवला रे तू?”

“कोणता तुकडा?” मी म्हणालो.

तिने माझ्या पानात वरण वाढलं आणि पुढच्या पानाकडे गेली. तुकडा माझ्या कपाटात होता. अजून आहे. आईला मी तो कधी दाखवला नाही.