कुंकवानं झाकलेलं ऊन

सोलापुरात ऊन विकत घेणारी शहाणी माणसं फक्त चिंचोळी एमआयडीसीतल्या आमच्या औषधांच्या लॅबमध्ये सापडतील. बाहेर दुचाकीच्या सीटवर ऑम्लेट होतं (मी दोन खाल्लीत), आणि आत आम्ही कपाटात निळ्या नळ्या पेटवून गोळ्यांना मोजून अतिनील किरणं पाजतो. उजेडात गोळी टिकते का, ते बघायला. किरणं किती पडली ते मीटर सांगतो. मीटर खरं बोलतो का, ते बघायचं काम माझं.

खंडेनवमीला यंत्रांची पूजाही मीच करतो. माझ्याइतकं सढळ हातानं कुंकू लावणारा चार तालुक्यांत न्हाय. त्या वर्षी मी तराजूपासून फ्रीजपर्यंत कुणाला सोडलं नाही.

दसऱ्यानंतर मीटर निम्माच उजेड दाखवायला लागला. साहेब म्हणाले, "नळ्या म्हाताऱ्या झाल्या." नव्या बसवल्या, तरी निम्माच. म्हणजे नव्याही जन्मतःच म्हाताऱ्या. मीटरचं प्रमाणपत्र भिंतीवर होतं, आणि प्रमाणपत्रवाल्यावर संशय घ्यायची आमच्यात रीत नाही. साहेबांनी गोळ्या दुप्पट वेळ ठेवायला लावल्या. पांढऱ्याशुभ्र गोळ्या गुळाच्या खड्यासारख्या होऊन बाहेर आल्या.

ती गोळी दोन वर्षं खपून बनवणाऱ्या मॅडम सांगोल्याच्या. साहेबांनी त्यांना सांगितलं, "मॅडम, तुमची गोळी उजेडाला टिकत नाही. काम बंद करू."

"सर, माझी गोळी सांगोल्याची हाय. उन्हाला भीत न्हाय."

त्यांनी क्विनाइनचं द्रावण त्याच कपाटात ठेवलं. जेवढी किरणं पडतील तेवढं ते बदलतं. त्याला भिंतीवर प्रमाणपत्र लागत नाही. द्रावण म्हणालं, उजेड भरपूर आहे. मग मॅडमनी मीटर उचलला आणि किरणं टिपणारी त्याची इवलीशी पांढरी काच माझ्या नाकापुढं धरली. काचेवर ठसठशीत कुंकू.

"कुणी लावलं हे?"

"भक्तीला नाव नसतंय, मॅडम."

"बोटाचा ठसा हाय की."

काच पुसल्यावर मीटर आणि द्रावण यांचं एकमत झालं. नव्या गोळ्या योग्य तेवढाच वेळ ठेवल्या, त्या ठेवल्या तशा पांढऱ्या निघाल्या. काम वाचलं. अहवालात कारणाच्या रकान्यात साहेबांनी दुपारभर डोकं खाजवून लिहिलं, 'लाल रंगाचा बाह्य पदार्थ'. मॅडमनी त्यावर नियमाप्रमाणे एकच आडवी रेघ मारली, शेजारी 'कुंकू' लिहिलं आणि सही माझी घेतली.

पुढच्या खंडेनवमीला मीटर पेटीत कुलूपबंद होता. किल्ली मॅडमकडं. कुंकवाचा करंडाही.