गोधडीतले त्रिकोण
उन्हात टाकलेल्या जुन्या लुगड्याचा वास आला की मला ओटीवरची ती दुपार आठवते आणि डोकं तापतं. मी तेरा वर्षांची होते, चौथीनंतर घरी बसवलेली. थोरला भाऊ महाडला हायस्कुलात जायचा. मी गोधडीसाठी लुगड्याचे त्रिकोणी तुकडे कापत होते. तो शेजारी घोकत होता, "दोन बाजू आणि त्यांमधला कोन समान, म्हणून त्रिकोण एकरूप." का, ते त्याला सांगता येईना. मी म्हटलं, "सोपं हाय रे." "तुला काय कळतंय गो? तू सुई ओव." मी एका तुकड्यावर दुसरा ठेवला, कोनावर कोन, बाजूंवर बाजू. "दोन्ही टोकं जुळली. आता तिसरी बाजू जाईल कुठं?" वडील सुपारी कातरत बघत होते. मी म्हटलं, "आबा, मला पण धाडा की महाडला." ते कौतुकानं हसले. "तुला शाळेबिगर येतंय, मग शाळा कशाला गो?" ज्याला येत नव्हतं तो शाळेत गेला; मला आलं म्हणून मी घरात राहिले. आता ऐंशीला टेकले. वडिलांचं बाकी सगळं मी सोडून दिलं, हे उत्तर सोडलेलं नाही.