हार्ट फक्त शुक्रवारी

किस्से कुणी जमवत नाही हो, ते आपोआप साठतात. कापडाच्या लूमखाली रुईचे पुंजके साठतात ना, तसे. आज झाडा, उद्या पुन्हा तेवढेच! आमच्या भिवंडीच्या टेलिमेडिसिन सेंटरचंही तसंच आहे. आमची जुनी मंडळी कुठं भेटली की चहा यायच्या आत कुणीतरी म्हणतंच, "सिस्टर, ते वडप्याच्या म्हातारीचं सांगा ना!" मग मी सांगते. सगळ्यांना पाठ आहे, तरी सगळे हसतात.

नवीन माणसाला आधी थोडं सांगायला हवं. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. तेव्हा लोक घरच्या कम्प्युटरला झालरीचं कव्हर शिवायचे आणि तो चालू करण्याआधी चप्पल काढायचे. नॉर्वेच्या एका हॉस्पिटलच्या मनात आलं, की भारत, नेपाळ, भूतान, श्रीलंका या सगळ्यांसाठी मिळून एक ट्रेनिंग सेंटर काढावं. लांबच्या गावातला पेशंट कॅमेऱ्यावर मोठ्या डॉक्टरांना कसा दाखवायचा, ते तिथं शिकवायचं. आमचे डॉक्टर भोईर इथलेच, कोनगावचे. त्यांच्या वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, लूम लावायला म्हणून गाळा बांधला होता. डॉक्टरांनी हट्ट करून तो या सेंटरसाठी मागून घेतला. मी तिथली सिस्टर.

एक अट होती. वर्षभर ट्रायल. वर्षाच्या शेवटी इथल्या पेशंटच्या छातीचे ठोके तिकडं नॉर्वेत स्वच्छ ऐकू आले, तर सेंटर भिवंडीत राहणार. नाहीतर सगळी मशिनं उचलून दुसऱ्या शहरात! आणि आमच्या भिंतीला भिंत लावून होता युसूफभाईंचा लूमचा कारखाना. पलीकडं दुसरा, समोर तिसरा. दिवसरात्र खटाखट खटाखट.

आप्पा दारात खुर्ची टाकून बसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "लूम लावले असते तर आवाज करनारा मी असतो. आता ऐकनारा झालोय!"

* * *

तर वडप्याची म्हातारी.

सेंटर सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते. इथून जवळच्याच वडप्याहून एक टेम्पो भरून माणसं आली. मुलगे, सुना, जावई, एक शेजारी. आम्ही सगळ्यांना कॅमेऱ्यासमोर बसवलं. पडद्यावरचे डॉक्टर एकेकाकडं बघतायत. शेवटी त्यांनी विचारलं, यातला पेशंट कोण?

भोईर डॉक्टरांनी थोरल्या मुलाला विचारलं, "पेशंट कुठं हाय?"

"आई ना? आई घरी हाय. गुडघे धरलेत, तिला टेम्पोत चढवत न्हाय."

"अरे, मग तुम्ही कशाला आलात? तिला बघायचंय ना!"

तो माणूस चिडलाच. म्हणाला, "डॉक्टर, तुम्हीच गावात येऊन सांगितलंत, का हा साहेब समुद्रापलीकडून बघतो. मग समुद्रापलीकडून दिसतं, तं वडपं काय लांब हाय?"

डॉक्टरांनी हे सगळं इंग्रजीत पडद्यावर सांगितलं. तिकडच्या डॉक्टरांनी ते नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "त्याचा मुद्दा बरोबर आहे."

* * *

ट्रेनिंग द्यायला नॉर्वेहून आले इंगेसाहेब. ताडमाड उंच, आणि आवाज एवढा मऊ की शेजारच्याला ऐकू जाऊ नये! पहिल्या दिवशी त्यांनी तासभर शिकवलं. नेपाळचे, भूतानचे, श्रीलंकेचे सगळे ट्रेनी माना डोलवत होते. नंतर मी भूतानच्या सोनमला विचारलं, "काय शिकवलं गं?" ती म्हणाली, "सिस्टर, ओठ हलत होते, एवढंच कळलं."

भिवंडीत माणसं भांडत नसतात, ती बोलत असतात. लूमच्या आवाजावर आवाज काढल्याशिवाय इथं 'जेवलास का' सुद्धा विचारता येत नाही. साहेबांना हे हळूहळू कळलं. दुसऱ्या आठवड्यात त्यांचा आवाज चढला. महिन्याभरात तर ते चहा सांगायचे तेव्हा समोरच्या गल्लीतला चहावाला ओ द्यायचा!

एकदा सेंटरच्याच लाइनवरून ते घरी बायकोशी बोलत होते. बोलता बोलता ती बाई रडवेली झाली. साहेब गोंधळले. ती म्हणत होती, "मी काय केलंय? मघापासून का ओरडतोयस माझ्यावर?"

भोईर डॉक्टर धावत कॅमेऱ्यासमोर गेले आणि हात जोडून म्हणाले, "डोन्ट वरी, वहिनी! ही इज नॉट अँग्री. ही इज भिवंडीकर!"

* * *

आता चहाचं सांगते.

तेव्हा लोडशेडिंगचे दिवस. लाईट जायची त्याचं आम्हाला काही नव्हतं, त्याला जनरेटर होता. खरी पंचाईत लाईट आली की व्हायची. लाईट आली रे आली की गावातले सगळे लूम एकदम सुरू व्हायचे, व्होल्टेज धपकन् खाली, आणि आमचं मशीन बंद! एकदा तर मशीनच्या आतली सर्किटची पाटीच जळाली आणि साहेब डोकं धरून बसले.

तेव्हा युसूफभाईंनी सल्ला दिला. "साहेब, लाईट आली का हात लावायचा न्हाय. एक चाय प्यायची. चाय संपली का व्होल्टेज जाग्यावर येतो. आमचे अब्बा पन असंच करायचे."

त्या दिवसापासून आमचा तो नियमच झाला. लाईट आली की सगळे बाहेर, चहा, आणि कप खाली ठेवल्यावर मशीन.

पुढं ट्रेनिंगची परीक्षा झाली. प्रश्न होता, वीजपुरवठा पूर्ववत झाल्यावर पहिली कृती कोणती? पुस्तकात लिहिलं होतं, अमुक बटण तपासा, तमुक दिवा बघा. सोनमनं लिहिलं, "चहा प्या." इंगेसाहेबांनी लाल पेन उचललं, थोडा विचार केला आणि पूर्ण मार्क दिले!

सोनमचा भूतानहून फोन यायचा अधूनमधून. त्यांच्याकडं लाईट फारशी जात नाही, व्होल्टेज पडत नाही. पण मशीन लावण्याआधी चहा होतोच, म्हणाली. तिनं तिथल्या सगळ्यांना तसंच शिकवलं होतं. आता ती कुठं आहे कोण जाणे. लाईट गेली की मला आठवण येते तिची.

* * *

एका रविवारी सगळ्या परदेशी पाहुण्यांना आम्ही एसटीनं वज्रेश्वरीला नेलं. देवीचं दर्शन झालं, मग गरम पाण्याची कुंडं. इंगेसाहेब थंड देशातले, कुंडाच्या काठावर पाय सोडून बसले ते उठेचनात. शेजारी एक आजी गुडघे शेकत बसल्या होत्या. साहेब डॉक्टर आहेत म्हटल्यावर त्यांनी पाय पुढं केला. साहेबांनी गुडघा दाबून बघितला, व्यायाम सांगितला. भोईर डॉक्टर भाषांतर करत होते. पाच मिनिटांत सगळं आटोपलं.

साहेब खूश होऊन म्हणाले, "ना केबल, ना व्होल्टेज, ना लूम! डॉक्टर, सेंटर इथंच आणू या!"

आम्ही सगळे हसलो. भोईर डॉक्टर हसले नाहीत. परतीच्या एसटीत ते खिडकीबाहेर बघत बसले होते. वर्ष संपत आलं होतं, आणि तोवर नॉर्वेच्या डॉक्टरांना आमच्याकडून एकही ठोका धड ऐकू आला नसेल, असं तुम्हाला वाटेल. तसं नव्हतं. ठोके जात होते, आणि छान जात होते. कसे, ते पुढं ऐका.

* * *

इंगेसाहेबांनी वर्षभराच्या सगळ्या केसेस काढल्या आणि तक्ता करून भिंतीवर लावला. त्वचेचे पेशंट रोज. डोळ्यांचे रोज. हार्टचे मात्र फक्त शुक्रवारी! साहेबांनी तक्ता उलटा लावलाय का ते बघितलं, चष्मा पुसला, आणि सगळ्यांसमोर अगदी गंभीरपणे विचारलं,

"डॉक्टर भोईर, भिवंडीत हार्ट फक्त शुक्रवारीच दुखतं का?"

ट्रेनी एकमेकांकडं बघायला लागले. मी कपाटात तोंड घातलं. शेवटी दारातून आप्पाच बोलले, "साहेब, शुक्रवारी लूमला सुट्टी असते!"

खरं तेच होतं. हार्टचा पेशंट कुठल्याही वारी आला तरी आम्ही त्याला शुक्रवारी बोलवायचो. सगळी गल्ली गप्प असायची, स्टेथोस्कोप लावला की तिकडं स्वच्छ ठोके! तातडीचे पेशंट सरळ मोठ्या हॉस्पिटलात पाठवायचो.

साहेब रागावले नाहीत, पण म्हणाले, "दवाखाना आठवड्याचे सातही दिवस असतो, डॉक्टर. शेवटची परीक्षा मंगळवारी घेऊ."

* * *

त्या मंगळवारचं ऐका आता.

आदल्या संध्याकाळी भोईर डॉक्टर युसूफभाईंकडं गेले. मी बरोबर होते. डॉक्टर म्हणाले, "भाई, उद्या दुपारी फक्त दहा मिनिटं लूम बंद ठेवाल?"

युसूफभाईंनी बसायला खुर्ची दिली, पान पुढं केलं, आणि म्हणाले, "डॉक्टर, चालता लूम मधीच थांबवला का कापडावर पट्टा पडतो. व्यापारी पट्टा बघतो आन् माल परत करतो. लाईट गेल्यावर पडतो तेवढा बस हाय, आता हातानं कशाला पाडू? आन् मी एकट्यानं बंद करून काय होनार? गल्ली तं चालूच ना!"

"खरं हाय तुमचं," डॉक्टर म्हणाले, आणि उठले. मला फार वाईट वाटलं. चांगला माणूस होता हो आमचा डॉक्टर, मुंबईत कुठंही बसला असता.

मंगळवारी आम्ही खिडक्यांना गोधड्या लावल्या, दाराला सतरंजी. पेशंट होती गुड्डी, कामतघरच्या चाळीतली सात वर्षांची पोर. चार पावलं धावली की धाप लागायची, ओठ काळेनिळे पडायचे. तिच्या छातीत काय आहे ते कळायलाच हवं होतं. तिचा बाप रामअवध युसूफभाईंकडंच लूम चालवायचा. सकाळीच तो पोरीचं सांगून त्यांच्याकडं सुट्टी मागायला गेला होता, हे आम्हाला मागाहून कळलं.

लाइन लागली. पडद्यावर नॉर्वेचे हार्टचे मोठे डॉक्टर. मी गुड्डीच्या छातीवर स्टेथोस्कोप धरला. तिकडून उत्तर आलं, "मला फक्त कारखाना ऐकू येतोय." पुन्हा धरला. "कारखाना." इंगेसाहेबांनी मान खाली घातली. डॉक्टर भोईर गुड्डीच्या डोक्यावर हात ठेवून नुसते उभे होते.

आणि मग शेजारच्या भिंतीतली खटाखट थांबली.

आधी वाटलं, लाईट गेली. पण जनरेटर बंद होता आणि दिवे चालूच होते. मग पलीकडचा कारखाना थांबला. मग समोरचा. मग गल्लीच्या टोकापर्यंत एकेक करत सगळे. भर मंगळवारी दुपारी आमच्या गल्लीत कावळ्याचा आवाज ऐकू आला!

पडद्यावरचे डॉक्टर घाईघाईनं स्वतःचा माईक ठोकायला लागले. "हॅलो? हॅलो भिवंडी? लाइन तुटली! मला काहीच ऐकू येत नाहीये!"

सतरंजी बाजूला सारून युसूफभाई दारात आले. गळ्याशी रुमाल, अंगभर रुई, गल्लीभर फिरून दमलेले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या माणसाचा हळू आवाज ऐकला. "लाइन हाय, डॉक्टर. त्यांना सांगा, लाइन हाय."

मी स्टेथोस्कोप पुन्हा धरला. स्पीकरमधून गुड्डीचे ठोके खोलीभर घुमले. तिकडचे डॉक्टर डोळे मिटून ऐकत होते. ऐकून झाल्यावर म्हणाले, हृदयाला भोक आहे, पण बुजवता येईल, मुंबईला लगेच न्या. आमच्या डॉक्टरांनी ते रामअवधला हिंदीत सांगितलं. मी स्टेथोस्कोप अजून धरूनच होते, ठोके ऐकू येत होते. बाहेर खोळंबलेल्या कामगारांकडं बघून तो युसूफभाईंना म्हणाला, "सेठ, अब चालू करवा दें? कपड़ा खराब होगा."

युसूफभाई म्हणाले, "रुक रे. बच्ची का सुनने दे."

* * *

सेंटर भिवंडीतच राहिलं. पुढच्या बॅचला श्रीलंकेहून एक तरुण डॉक्टर आला होता, प्रत्येक गोष्ट विचारणारा. तोवर आमच्या खोलीला नवे पडदे लागले होते. व्यापाऱ्यानं परत केलेलं कापड युसूफभाईंनी एका सकाळी स्वतः खांद्यावरून आणून टाकलं होतं. त्या डॉक्टरनं पडदा हातात धरून निरखला. गुड्डी तेव्हा नेमकी व्हरांड्यातून पळत होती आणि मी तिच्यावर ओरडत होते, की दवाखाना आहे, धावू नकोस!

त्यानं भोईर डॉक्टरांना विचारलं, "कापड चांगलं आहे. पण मध्येच हा आडवा पट्टा कसला?"

डॉक्टर व्हरांड्यात बघत होते. म्हणाले, "तो होय? तो मंगळवार हाय."