पुलावरचा दूत

जगाचा अंत जवळ आला होता आणि मेश्राम सर फुलं वेचत होते. जर्मनीतल्या येना शहरातल्या त्यांच्या घरात मी बॅग घेऊन पहिल्यांदा शिरलो, तेव्हा ते टीव्हीसमोर मांडी घालून बसले होते. पडद्यावर डोंगर पेटलेला, लोक पळतायत, आणि सरांचा ढाल-तलवारवाला माणूस ओढ्याकाठी वाकून एकेक निळं फूल पिशवीत टाकतोय. मागे न बघताच म्हणाले, "ये संपत. चहा आहे किटलीत. बूट तिकडे काढ."

मी तंदूरवरचा आचारी. नववीत शाळा सुटलेली. हॉटेलमालकाच्या कागदांवर २०१४च्या हिवाळ्यात इकडे आलो. सर नागपूरचे, भिंगांवर संशोधन करणारे, एकटे. घरात कुणी मराठी बोलणारं असावं, एवढ्यासाठी त्यांनी मला खोली दिली.

सोमवारी आमचं हॉटेल बंद असे आणि सर लवकर घरी येत. मग तो टीव्हीवरचा गेम. अख्खा एक देश होता त्यात. जो डोंगर दिसेल तो चढायचा, जे दार दिसेल ते उघडायचं. सुरुवातीलाच पुलावर राजाचा एक म्हातारा दूत भेटायचा. "ड्रिंगेंड!" म्हणायचा जर्मनमध्ये, म्हणजे तातडीचं आहे, राजधानी पडायच्या आत किल्ल्यावर चला. सर त्याला दोन वर्षं टाळत होते.

"अहो सर, तो बिचारा कधीचा उभाय."

"काय घाई आहे बे? उभाच राहते तो. तू दहा वर्षांनी गेला तरी राजधानी पडत नाही. हीच तर मजा आहे."

एकदा एका खेड्यात ते घरोघर शिरत होते. उगाच. कुणाच्या चुलीशी बसायचं, कुणाच्या विहिरीवर पाणी प्यायचं. मी विचारलं, यात काय गंमत? त्यांनी विहिरीतून आणखी एक पोहरा काढला. मग म्हणाले, "पाहून राहिला ना? विहिरीवर कोणी आडनाव विचारलं नाही." आणि पुढच्या दाराकडे वळले.

मला भीती पत्रांची. इथं सगळं पत्रानंच येतं आणि मला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही. एकदा परदेशी लोकांच्या कचेरीचं पत्र मी घाबरून तांदळाच्या डब्यात ठेवलं. भात करताना ते सरांना सापडलं. मुदत संपायला तीन दिवस उरले होते. सर सुट्टी टाकून माझ्याबरोबर आले, खिडकीवरच्या बाईंशी तासभर बोलले. माझा परवाना वाचला. येताना ट्राममध्ये म्हणाले, "पत्र आलं की बूट काढायच्या आधी फोडायचं. काहून घाबरतो? न फोडल्यानं आतलं बदलते का?"

त्या सोमवारपासून गेममधलं जर्मन मी वाचायचं. "वाच. मोठ्यानं." लोहार, कोळीण, भुतं, सगळ्यांचं बोलणं मी अडखळत वाचायचो आणि सर अर्थ सांगायचे. चुकलो की म्हणत, "असा बोलला तर भूतच घाबरून पळते." शाळेत मला कुणी इतकं हसतखेळत शिकवलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी सरांचं ताट अर्धं परत येऊ लागलं. घास अडकायचा. पोटाची तपासणी झाली, पण विचारलं की एकच उत्तर, "ॲसिडिटी आहे बे. पाहू ना." अनोळखी नंबरचे फोन ते उचलत नसत.

गेमच्या रिमोटला सेल हवे म्हणून मी टीव्हीखालचा खण उघडला, तर आत इस्पितळाची दोन पाकिटं, न फोडलेली. मी खण बंद केला. दुसऱ्याची पत्रं, आपण कशाला हात लावा, असं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे पाकीट फोडायची भीती माझीच होती. महिन्याभरानं पुन्हा उघडला, तेव्हा तीन होती. त्या दिवशी मी फोडली. उभ्यानंच वाचली. पहिल्याच पत्रात दूताचा शब्द होता, ड्रिंगेंड. तिसऱ्यात, ठरलेल्या टेर्मिनला, म्हणजे भेटीच्या वेळेला, आपण आला नाहीत.

सर आले, माझ्या हातातले कागद त्यांनी पाहिले.

"मला माहीत होतं," ते म्हणाले. "न फोडताच."

"अहो, मग बूट काढायच्या आधी वगैरे..."

"ते तुला सांगितलं होतं ना."

इस्पितळात फोन मी केला. माझ्या तोडक्यामोडक्या जर्मनमध्ये. अन्ननलिकेतली गाठ पसरली होती. थोडं आधी आला असतात तर, एवढं बोलून डॉक्टर थांबले. थोडं म्हणजे किती, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. तो महिना त्यात होता का, मला अजून माहीत नाही.

सर त्यानंतर चार महिने जगले. शेवटी आवाज जवळजवळ गेला होता. एकदा खुणेनं मला जवळ बोलावलं. "तो पुलावरचा?"

"उभाय, सर."

हसले. "त्याचं बरं आहे."

सरांचे भाऊ नागपूरहून येऊन अस्थी घेऊन गेले. पुस्तकंही नेली. गेम माझ्यासाठी ठेवला.

आता पत्र मी पेटीपाशीच फोडतो. बूट पायात असतात, बर्फ असला तरी. भीती अजून आहे, पण फोडतो.

गेम एकदाच लावला. सरांचा माणूस ओढ्याकाठी होता, पिशवी फुलांनी भरलेली. मी त्याला हळूहळू चालवत पुलापर्यंत नेलं. दूताला होकार दिला. त्यानं मान झुकवली. पुढची ओळ मी सवयीप्रमाणे मोठ्यानं वाचली, रिकाम्या खोलीत, एकही चूक न करता:

"बरं झालं आलात. अजून वेळ गेलेली नाही."