मिशरीचं पार्सल आणि सासूबाईंची हरकत

माझ्या सासूबाई मिशरी विकतात. हे वाक्य मी आज सरळ लिहिते आहे. इतकी वर्षं कुणी विचारलं की मी "घरगुती दंतमंजनाचा व्यवसाय आहे" असं सांगून मोकळी व्हायचे. ज्यांना मिशरी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, तंबाखूची पानं तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची, चाळायची आणि ती पूड बोटावर घेऊन दातांना लावायची. आमच्या परळ-लालबागच्या चाळींतल्या बायका सकाळ-दुपार ती लावत. पुरुषांच्या विडीला कुणी कधी नाव ठेवलं नाही. पण बाईनं मिशरीची डबी लपवूनच ठेवायची, हा रिवाज.

मला ती मुळीच आवडत नाही. सासूबाई भाजायला बसल्या की अख्ख्या मजल्याला ठसका लागतो. लग्न होऊन या घरात आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी म्हणाले होते, "आई, हे बंद करा." त्या म्हणाल्या, "करते. तू तोवर घर चालवून दाखव." सासऱ्यांची गिरणी बंद पडल्यावर याच मिशरीनं घर तगलं होतं, आणि पुढे माझी टायपिंगची परीक्षासुद्धा तिच्यावरच झाली. त्यामुळे मी गप्प बसले. गप्प बसणं मला फार जड जातं, हे सगळा भोईवाडा सांगेल.

मी कोर्टाबाहेर टेबल टाकून बसते. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, काय हवं ते टाइप करून देते. पूर्वी मशीन होतं, आता लॅपटॉप आणि प्रिंटर आहे. घरी सासूबाईंचंही असंच झालं. पूर्वी गिऱ्हाईक शेजारच्या मजल्यावर असायचं. मग चाळी पडल्या, माणसं पांगली. कुणी विरारला, कुणी बदलापूरला, कुणी परत गावी रत्नागिरीकडे. बायका गेल्या, सवय बरोबर घेऊन गेल्या. माझ्या मुलीनं आजीला फोनवर ऑर्डर घ्यायला आणि कुरियर करायला शिकवलं. दर महिन्याला सासूबाई एकेकीला दुपारी फोन करायच्या, अर्धा तास सगळ्या घराची खबर घ्यायच्या, आणि शेवटी हळूच विचारायच्या, "मग पाठवू ना गं?" पार्सलवर लिहायच्या, दंतमंजन.

आणि एक दिवस बातमी आली की नवा कायदा येतोय. तंबाखूची कुठलीही वस्तू ऑनलाइन, पोस्टानं, कुरियरनं विकायची नाही. मसुदा निघाला होता आणि महिनाभरात लोकांच्या हरकती मागवल्या होत्या. मुलीनं वाचून दाखवलं. सासूबाई चाळणी हातात धरून तशाच बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे माझं संपलं."

माझं डोकंच सणकलं. ज्या धंद्याला मी इतकी वर्षं नाकं मुरडली, त्याच्यासाठी मी भांडायला उभी राहिले! कोर्टाच्या कोपऱ्यावरच्या टपरीला रंगीत पुड्यांच्या माळा लटकलेल्या असतात, कॉलेजची पोरं तिथं येऊन तोंडात टाकतात, तिथं सगळं चालतं. आणि बंदी कुणावर, तर माझ्या सासूच्या पार्सलवर. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच! मी त्याच संध्याकाळी हरकतीचा अर्ज टाइप केला. कलमं घातली, "सबब" घातलं, "उपजीविकेचा हक्क" घातला. झकास अर्ज झाला होता. आता हव्या होत्या गिऱ्हाइकांच्या सह्या.

सासूबाईंनी हात वर केले. "सही कुठली देतात? घरात कुणाला माहीत नाही त्यांच्या."

"तुमचं आपलं काहीतरीच," मी म्हणाले. "हक्कासाठी पुढं नको यायला?"

सासूबाईंच्या वहीत प्रत्येकीचं नाव, पत्ता, मोबाइल नंबर होता. मी रात्रंदिवस अर्ज भरणारी बाई. नाव, पत्ता, मोबाइल, तीन रकाने भरले की माझ्या लेखी माणूस पूर्ण. तो नंबर नक्की कुणाच्या खिशातल्या फोनचा आहे, हे मी विचारलंच नाही. सासूबाई दुपारी त्या बायकांच्या घरातल्या फोनवर बोलायच्या. वहीतला नंबर कुरियरवाल्यासाठी होता, आणि तो होता मुलाचा, सुनेचा, नातवाचा. मी त्या सगळ्या नंबरांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप केला आणि संदेश टाकला. "नमस्कार. आपण आमच्या मिशरीच्या जुन्या ग्राहक आहात. आपल्या पार्सलवर बंदी येत आहे. सहीसाठी संपर्क साधावा." खाली सासूबाईंचा हात जोडलेला फोटो.

कपाळ माझं!

पहिलं उत्तर पाच मिनिटांत आलं. "कोण मिशरी? आमची मम्मी ब्रश करते." दुसरं, "हू इज धिस?" एका नातवानं नुसतं डोळे फाडलेलं तोंड पाठवलं. एकानं लिहिलं, "आमचे दादा तीन वर्षं या दंतमंजनाने दात घासत आहेत, आता काय करायचं?" त्यावर मी टेबलावर बसून हसले, खोटं कशाला सांगू. पण दुपारपासून सासूबाईंचा फोन वाजायला लागला आणि माझं हसू पळालं. एकेक बाई रडत होती. एकीच्या मुलानं डबी खिडकीतून फेकली होती. एकीला सुनेनं सगळ्यांसमोर तोंड उघडून दाखवायला लावलं होतं. सत्तरीच्या बाईला!

संध्याकाळी मी घरी गेले तर सासूबाई भिंतीकडे तोंड करून बसलेल्या. म्हणाल्या, "सरकारला महिना लागणार होता. तू एका सकाळीत केलंस."

पुढले दहा दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. एकही ऑर्डर आली नाही. घरात ठसका नव्हता, आणि मला तो आठवत होता, काय सांगू. मी माफी मागितली, दोनदा. त्यांनी भाजी निवडता निवडता मान हलवली, तेवढंच.

अकराव्या दिवशी बदलापूरहून दोघी आल्या. एक सासूबाईंची जुनी मैत्रीण, आमच्याच चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहायची. आमच्या घरात सगळे तिला मावशी म्हणतात. दुसरी तिची सून, बँकेत नोकरी करणारी, तोंडावर राग मावत नव्हता. मी पुढं झाले, पाणी दिलं, आणि माझ्या स्वभावाप्रमाणे तो अर्ज तिच्या हातात ठेवला, की बाई, आमचीही बाजू वाचा.

तिनं शेवटपर्यंत वाचला. म्हणाली, "ताई, छान लिहिलंय. तुमचा हक्क आहे, कुरियरवाल्याचा आहे. यात माझ्या सासूचं तोंड कुठंय?"

मग मावशीला म्हणाली, "मम्मी, दाखवा." मावशीनं गाल ओढून दाखवला. आतून पांढरा चट्टा. ग्रुपवरचा संदेश वाचून सुनेनं तोंड बघितलं म्हणून तो दिसला. नाहीतर मावशी कुणाला सांगणार होती थोडीच?

सासूबाई उठल्या, चपला घातल्या, म्हणाल्या, "चल." कॅन्सरचं इस्पितळ आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. त्याच्या फुटपाथवर गावोगावचे पेशंट पथाऱ्या टाकून बसलेले असतात, म्हणून सासूबाई हिंदमाताच्या बाजारात जायचं झालं तरी त्या रस्त्यानं जात नसत. त्या दिवशी रांगेत मावशीचा हात धरून चार तास उभ्या राहिल्या. मावशी सारखी म्हणत होती, "तू बस गं, तुझे गुडघे दुखतील." सासूबाई बसल्या नाहीत.

तुकडा काढून तपासायला दिला. आठवड्यानं सांगितलं, अजून काही झालेलं नाही. पण मिशरी सुटली पाहिजे, आणि दर तीन महिन्यांनी दाखवायला यायचं. सून तिथंच बाकावर बसून रडली. सासूबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि मैत्रिणीला ठणकावलं, "आता माझ्याकडून तुला चिमूटभरसुद्धा मिळणार नाही."

मला वाटलं, झालं, हरकत संपली. मी तो अर्ज फाडायलाही निघाले होते.

चारच दिवसांनी त्याच सुनेचा सासूबाईंना फोन. आवाजात या वेळी राग नव्हता, नुसती दमलेली होती बिचारी. "काकी, तुम्ही बंद केलंत. मम्मी आता वॉचमनला सांगून खालच्या टपरीवरून पुड्या आणवतात. त्यात काय काय असतं देवाला ठाऊक. उशीखाली सापडल्या. ओरडले तर म्हणतात, डोकं फुटतं गं माझं, मी काय करू?"

सासूबाईंनी फोन ठेवला. आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा मला नावानं हाक मारली. "बघितलंस? मी बंदी घातली तर काय झालं बघितलंस? बस, लॅपटॉप उघड."

"जुना अर्ज आहे की, आई."

"तो तुझा. हा माझा."

त्या सांगत गेल्या, मी टाइप करत गेले. मध्येच सवयीनं "सबब" टाकलं तर म्हणाल्या, "ते काढ. मी असं बोलते का?" तो अर्ज माझ्याकडे आहे. त्यातलं थोडं इथं देते.

"मी मिशरी विकते. ती वाईट आहे, हे मला आता नीट कळलं आहे. माझ्या हातानं बऱ्याच बायकांना ती लागली. कायदा करून माझं पार्सल बंद केलं तर बायका टपरीवर जातील, मी एकीचं बंद करून बघितलं आहे. टपरीवाला त्यांना ओळखत नाही. मी प्रत्येकीला ओळखते, कोण किती लावते तेही मला माहीत आहे. म्हणून माझी या कायद्याला हरकत आहे. मी नवीन गिऱ्हाईक घेणार नाही. आहेत त्यांचं दर महिन्याला थोडं थोडं कमी करत आणीन, आणि तोंड तपासल्याशिवाय पुढचं पाठवणार नाही. हे मला करू द्या. ज्या दारानं ती घरात शिरली, त्याच दारानं तिला बाहेर काढायला सोपं जाईल."

मी टाइप करताना चष्मा दोनदा पुसला. सासूबाई म्हणाल्या, "काय झालं?" मी म्हणाले, "स्क्रीनवर धूळ आहे."

आता सह्या. या वेळी कुणाला संदेश टाकला नाही. सासूबाईंनी दुपारी एकेकीला फोन लावला आणि सांगितलं, "सुनेला दे." झाकली मूठ उघडलीच होती, आता लपवायचं काय उरलं होतं? काही सुनांनी फोन आपटला. एकीनं आम्हाला विष विकणारे म्हटलं, आणि सासूबाई म्हणाल्या, "बरोबर आहे तुझं, बाळा. पण ऐक." बहुतेकींनी ऐकलं. बदलापूरच्या सुनेची सही पहिली आली. कागद घेऊन ती स्वतः आली होती, ऑफिसला हाफ डे टाकून. सासूची सही एका ओळीवर, सुनेची त्याच्याच खाली, असा आमचा तक्ता भरत गेला. असा अर्ज मी आजवर टाइप केला नव्हता.

शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी सासूबाई आणि मी फोर्टातल्या कचेरीत जाऊन तो देऊन आलो. खिडकीतल्या बाईंनी पहिलं पान वाचलं, सासूबाईंकडे बघितलं, पुन्हा पान वाचलं. म्हणाल्या, "आजी, विरोधात खूप अर्ज आलेत. पण धंदा कमी करायला परवानगी मागणारा हा पहिलाच." सासूबाईंनी शिक्का उमटलेली प्रत घडी करून ब्लाउजात ठेवली.

मसुद्याचं काय झालं, अजून कळलेलं नाही. कायदा होईलही. पण पार्सलं सुरू आहेत आणि दर महिन्याला पुड्या बारीक होताहेत. सासूबाई एकेक पुडी वजनकाट्यावर ठेवतात आणि चिमटीनं काढून घेतात. कमी केलेल्या जागी भाजलेली बडीशेप आणि ओवा भरतात. सगळं गोड झालंय असं नाही. दोघी आम्हाला सोडून टपरीवर गेल्या. सासूबाई स्वतः अजून लावतात, दोनदाऐवजी एकदा, आणि विचारलं की माझ्यावरच डाफरतात. पण तोंड दाखवून आल्या. सातजणी दाखवून आल्या.

पुन्हा सुरू केलेली मावशीची पुडी सगळ्यांत आधी संपत आली. या महिन्यात तिच्या पार्सलमध्ये मिशरी अजिबात नव्हती. नुसती बडीशेप. ते पाठवल्यापासून सासूबाईंच्या जिवाला स्वस्थता नव्हती. "घेईल का गं ती? परत टपरीवर गेली तर? सांगायला हवं होतं का आधी?" कुरियर पोचल्याचा मेसेज आला, एक दिवस गेला, दोन गेले, फोन नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी मी जेवायला घरी आले होते तेव्हा वाजला. सासूबाईंनी उचलला, मी तो स्पीकरवर टाकला.

"काय गं," मावशी तिकडून ओरडली, "म्हातारी झालीस की काय? बडीशेप कच्ची राहिलीय. पुढल्या महिन्याला जरा खमंग भाजून पाठव."