कललेला टिप्पर

आज दारासमोर टिप्परनं मुरूम टाकला. ओल्या मुरमाच्या त्या वासानं मला धामणगाव बढ्याच्या रस्त्याच्या कामावर नेलं. मी तिथं मजुरीला होते. त्या दिवशी टिप्परचा डायव्हर दिगंबर मुरूम ओतायला मागचा डाला वर उचलत होता. मुरूम आत चिकटलेला, आणि मागचं एक चाक नव्या भरावात रुतत चाललेलं.

"ओ डायव्हर! डाला खाली घ्या, गाडी कलून राह्यली!" मी ओरडले.

त्यानं लगेच डाला उतरवला, गाडी कडक जमिनीवर नेली. मग खाली उतरला. माझ्याकडं आला.

"तुमचं नाव काय हो?" एवढंच त्यानं विचारलं.

तेव्हा वाटलं, एक गाडी वाचली. पुढं आमचा सव्वीस वर्षं संसार झाला. दिगंबर गेल्यावर आता ती वर्षं फार थोडी वाटतात.