नंबर सोडून खो

आमचं गाव आधी उस्मानाबाद जिल्ह्यात होतं, मग एके दिवशी लातूर जिल्ह्यात गेलं. त्यासाठी कुणाला घराबाहेर पडावं लागलं नाही. ग्रामपंचायतीची पाटी नव्यानं रंगवली, पेढे वाटले, आणि एका पुढाऱ्यानं चावडीपुढं उभं राहून आता विकासाची गंगा दारात येणार असं सांगितलं. रांगेत घागरी ठेवून आलेल्या बायकांनी ती नेमकी कधी येणार याची चौकशी केली. पाऊस मात्र जुन्याच जिल्ह्यात राहिला असावा.

त्या उन्हाळ्याआधीच विहिरी एकेक करून आटल्या आणि पाणी उरलं ते आमच्या बौद्ध वस्तीतल्या हापशाला. जमिनीखालच्या पाण्याला गावाची रचना कुणी समजावून दिलेली नव्हती. मळ्यात स्वतःची विहीर असलेल्या घरांतल्या बायकाही घागरी घेऊन आमच्याकडं येऊ लागल्या. त्यांच्यात माझी मैत्रीण होती. पहिलीपासून आम्ही शाळेत एकाच तरटावर बसायचो, मधल्या सुट्टीत पायरीवर सागरगोटे खेळायचो. आता सहावीत होतो. पाणी खोल गेल्यानं हापशाचा दांडा एकट्या पोरीला ओढत नसे. मग आम्ही दोघी एकदमच त्याला लटकायचो, आधी तिची घागर, मग माझी.

हापशावर कायदा एकच, नंबर. जिची घागर पुढं, तिचं पाणी आधी. पाटलाच्या घरची असो की मजुरीला जाणारी. यावरून भांडणं रोज होत, पण नंबर कुणी मोडत नसे.

नव्या जिल्ह्याबरोबर जिल्ह्याच्या स्पर्धा आल्या, आणि मुलींचाही खो-खोचा संघ पाठवा असा वरून हुकूम आला. तोवर खो-खो मुलांचा, आम्ही फक्त बघणाऱ्या. नवीन बदलून आलेल्या सरांनी सहावी-सातवीच्या पोरी पटांगणात उभ्या केल्या, बाभळीचे दोन खांब पुरले आणि चुलीतल्या राखेनं रेषा ओढल्या. आठ जणींनी ओळीत बसायचं, एकीचं तोंड इकडं तर दुसरीचं तिकडं. नववीनं गड्याचा पाठलाग करायचा आणि बसलेल्या कुणाच्या तरी पाठीवर हात मारून खो द्यायचा, म्हणजे ती उठून पळणार. गडी म्हणजे समोरच्या संघातली पळणारी पोरगी.

आम्ही मन लावून खेळलो. पहिलीनं दुसरीला खो दिला, दुसरीनं तिसरीला, तिसरीनं चौथीला. पुढचा खो कुणाला मिळणार हे गड्याला आधीच कळायचं, त्यामुळं तो पळायच्याऐवजी चालायला लागला. सरांनी शिट्टी फुंकली.

"अगं ए, काय करून राहिल्यात? ही काय पाण्याची रांग हाय?"

"सर, तिचा नंबर होता," चौथीला खो देणारी म्हणाली.

"इथं नंबर नसतोय माय! गडी जिच्याजवळ, तिला खो."

बाकीच्या पोरींना हे पटायला आठवडा लागला. मला लगेच पटलं, आणि इतकं आवडलं की मला माझंच नवल वाटलं. एका खेळात मी गड्याच्या मागं धावत होते. गडी वळला तेव्हा हाताशी मैत्रीण बसलेली होती. ती उठायच्या तयारीतच होती. पण गडी तिच्या पलीकडं निसटला, म्हणून मी तिला सोडून पुढच्या पोरीला खो दिला. गडी बाद झाला. सगळ्या ओरडल्या. मैत्रीण जागच्या जागी बसून राहिली.

घरी जाताना ती म्हणाली, "मला का न्हाई दिलास?"

"गडी पलीकडं गेला व्हता."

"माझा नंबर व्हता."

"नंबर नसतोय, सर म्हणले की."

"सरांचं ऱ्हाऊ दे. तू सोडलीस ना मला?"

"हाव," मी म्हणाले. गडी बाद झाला होता, दुसरं काय सांगणार.

ती आणखी दोनचार दिवस आली, मग थांबली. आईला मदत पाहिजे म्हणाली. ते खोटं नव्हतं. सराव उजाडताना असायचा, कारण नंतर ऊन उभं राहू देत नसे, आणि पाणी भरायची वेळही तीच. माझ्या जागी दांड्याला तिची चुलत बहीण लटकायला लागली. आमच्या घरचं पाणी आई एकटी ओढायची. "खो देऊन घागर भरत असंल तर रोज जा माय," ती म्हणायची, पण जाऊ द्यायची.

मला दोन्ही पाहिजे होतं, पटांगण आणि मैत्रीण. लातूरला जायच्या आधी संघात एक जण कमी पडली, तेव्हा मी तिच्या घरी गेले. ती अंगणात तूर पाखडत होती.

"चल ना. पहिला खो तुलाच देते."

"देशील. आन् गडी पलीकडं गेला तर?"

खोटं बोलता आलं असतं, पण तिला माझं खोटं पहिलीपासून ओळखू यायचं.

"तर पलीकडं देईन."

ती हसली. रागावली असती तर बरं झालं असतं. "मग जा तू. चांगलं खेळ," म्हणाली आणि सूप हलवायला लागली.

लातूरला उद्घाटन खेळापेक्षा लांबलं. पाहुण्यांच्या अंगावर धूळ उडू नये म्हणून मैदानावर टँकरनं पाणी मारलं. ते मातीत जिरताना आमची एक पोरगी हळूच म्हणाली, "घागर आणायला पाहिजे व्हती गं." हारांचा ढीग झाला. नव्या जिल्ह्याच्या कन्यांबद्दल पाहुणे इतकं बोलले की त्या कन्या उन्हात करपल्या. मग आम्ही पहिलाच सामना हरलो. पण पळताना मला कुठंच काही दुखलं नाही, आणि पुन्हा पळायचं हे मी एस.टी.त बसल्यावरच ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घागर घेऊन हापशावर गेले. मैत्रीण आणि तिची बहीण दांड्याला लटकल्या होत्या, एकदमच खाली, एकदमच वर.

"जिंकलीस का गं?" तिनं विचारलं.

"हरलो."

"मोठं गाव हाय, हरणारच." तिनं माझ्याकडं पाहिलं, माझ्यासोबत दांडा ओढायला कुणी नाही हेही पाहिलं. "एकटीला ओढायचं न्हाई तुला. तुझा नंबर आला की सांग, आम्ही दोघी भरून देतो."

माझा नंबर आला. दोघींनी घागर भरली, मी बाजूला उभी राहिले. पाहुणी आल्यावर तिला काम करू देत नाहीत, तशी. भरल्यावर तिनं घागर उचलून माझ्या डोक्यावर ठेवली, चुंबळ नीट सरकवली. आमच्यात आभार मानायची कधी पद्धत नव्हती. त्या दिवशी मी मानले.

"असू दे," ती म्हणाली.